आईच्या बोर्डावर गादी

साकीनाक्याला आमचं ऑफिस. काम सांगितलं की लोक हसतात. मोबाईलवरच्या मालिकेत कुठे भिंत किंवा बोर्ड दिसला, की त्यावर जाहिरात चिकटवायची. शूटिंग झाल्यावर, कॉम्प्युटरवर. कॅमेरा हलला की ती हलली पाहिजे, समोरून माणूस गेला तर त्याच्या मागे गेली पाहिजे. शिवाय बघणाऱ्या सगळ्यांना तीच जाहिरात जात नाही. मुलुंडला कुकर, तर बोरिवलीला गादी.

"म्हंजे तू खोटा चिकटवतंस," आई एवढंच म्हणायची आणि पोळ्या लाटायला जायची. घाटकोपरला तिचं पोळी-भाजी केंद्र आहे. बाबांची गिरणी गेल्यापासून ती घरातूनच डबे देत होती. गाळा आणि वर बोर्ड हे अगदी आत्ताचं. तो बोर्ड ती रोज ओल्या फडक्यानं पुसते. घरातले देवसुद्धा एवढे पुसत नाही.

तर एकदा आमच्याकडच्याच एका मालिकेचं शूटिंग तिच्या गल्लीत झालं. नायिका रडत रडत नेमकी आईच्या बोर्डाखालून गेली. झालं! आईनं अख्ख्या गल्लीला सांगितलं. बोरिवलीच्या मावशीला तर इतक्यांदा सांगितलं, की मावशीनं एपिसोड बघायला बिल्डिंगच गोळा करायचं ठरवलं.

आणि तो सीन आला माझ्याच टेबलावर. जाहिरात कुठे लावायची? आईच्या बोर्डावर. वाट लागली!

साहेब माझ्या डब्यातले घावणे कायम पळवतात. गेले त्यांच्याकडे. "सर, हा माझ्या आईचा बोर्ड आहे."

"अगं, ज्या भागासाठी जाहिरात विकली गेली तिथे ती लागणारच. जिथे विकली नाही तिथे कोरी पाटी दाखवू."

"कोरी कशाला? तिथे आईला राहू द्या ना!"

ते हसले. "राहू दे. पण कुठे विकली जाईल ते माझ्या हातात नाही हां."

मी देवाला म्हटलं, बाकीची मुंबई तू घे, माझं घाटकोपर तेवढं सोड.

देवानं ऐकलं. एपिसोडच्या दिवशी गल्ली आईच्या मोबाईलवर वाकलेली, नायिका रडतेय आणि वर बोर्ड झकास चमकतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं तोंडाला पदर लावला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात मावशीचा फोन.

"गे, तुझो बोर्ड खंय गेलो? हंय गादी दिसता!"

"गादी? डोळे तपासून घे तुझे."

"डोळे बरे आसत माझे! सगळ्या बिल्डिंगीक गादीच दिसता. खोटारडी खंयची!"

फोन कट. दोघी बहिणींचं बोलणं बंद. आईच्या पोळ्या करपायला लागल्या, तेव्हा मी घाबरत घाबरत खरं काय ते सांगितलं.

"माझ्या बोर्डार गादी तू लावलंस? पोटच्या पोरीनं?"

मग मी मावशीला फोनवर सगळं समजावलं. तिला काही पटेना. "मी येवन बघतंय," म्हणाली, आणि रविवारी दोन शेजारणींना घेऊन हजर. आईनं आपला मोबाईल दाखवला: बोर्ड. मावशीनं आईच्याच बाकड्यावर बसून आपला लावला: गादी! ॲपमध्ये तिचा पत्ता बोरिवलीचा ना. शेजारणी हसून हसून लोळल्या. मलाही हसू आवरेना.

आई मात्र हसली नाही. तिनं स्टूल घेतलं, बाहेर जाऊन बोर्ड पुसला आणि सगळ्यांना हाक मारली. "ह्यो बघा माझो बोर्ड. आता हेच्यार कोण गादी लावता ता बघतंय!"

मावशी क्षणभर वर बघत राहिली. मग तिनं मोबाईल शेजारणीच्या हातात दिला, पदर डोळ्यांना लावला आणि नायिकेसारखी रडत रडत बोर्डाखालून चालत गेली. आता कुठे आई हसली. स्टुलावरून पडता पडता वाचली.

तो व्हिडिओ तिथूनच बोरिवलीच्या बिल्डिंगीच्या ग्रुपवर गेला. मी त्याला हात लावला नाही.