नाकाने बाजार करणारी

बाजार डोळ्यांनी नव्हे, नाकाने करायचा असतो, अशी अढळ श्रद्धा असलेली जगात एकच बाई असावी, आणि ऐंशीच्या दशकात ती ऊर्जानगर वसाहतीत माझी शेजारीण होती. नवरा वीजकेंद्राची यंत्रं बसवायला फ्रान्सहून आलेला. तो यंत्रांत बुडालेला आणि ही बुधवारच्या बाजाराची वाट पाहत बसलेली. बुधवार उजाडला की पायघोळ झगा, डोक्याला टॉवेल, हातात बांबूची टोपली अशा थाटात ती मला ओढत न्यायची. वांगं असो, मेथी असो, नाकाला लावल्याशिवाय सोडायची नाही. सुकट हुंगून डोळे मिटणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. मराठी शिकली तीही बाजारातच, त्यामुळे पुण्याकडच्या एका साहेबीणबाईंना भर चहात "काऊन नाई खात वो, बाई?" असं विचारून तिने पार गार केलं होतं.

पण बाजारच तिच्यावर रुसला. ती जायची भल्या सकाळी, बोहनीच्या आधी, आणि हुंगलेलं वांगं पुन्हा ढिगात ठेवायची. एका म्हातारीने शेवटी तोंडावर सांगितलं, "हुंगलेलं फूल देवाले चालत नाई, न् हुंगलेली भाजी बोहनीले. माहा दिवस खराब होते, बाई." तेव्हापासून ही दिसली की भाज्यांवर भराभर गोणपाट पडू लागले. घरी येऊन ती ढसढसा रडली. "आमच्या गावाले जो हुंगत नाई, त्याले लोक येडा म्हणते," म्हणाली. परक्या मुलखात तिला बाजाराशिवाय होतं तरी कोण?

श्रावणातल्या एका बुधवारी अशी झड लागली की बाजारात गिऱ्हाईकच नाही. म्हातारीपुढे सात्यांची टोपली होती. वारुळावर उगवणारी ही रानातली आळिंबी, दुपारपर्यंत खपली नाही तर फेकायचीच. आमची बाई गमबूट घालून पोचली, दोन्ही हात पाठीशी बांधले, नाक आभाळाकडे केलं आणि म्हणाली, "बोहनी मी करतो. समद्या दे."

म्हातारीने पैसे कपाळाला लावले. बाई मात्र ती टोपली घेऊन सगळ्या वसाहतीत दारोदार फिरली आणि तिने प्रत्येकाच्या नाकाशी ती धरली. तासाभरात अर्धी वसाहत छत्र्या घेऊन बाजारात उतरली! इतर बायकांकडच्या सात्या तर संपल्याच, म्हातारीची वांगीसुद्धा संपली. "हातगुण हाये या बाईले," ती म्हणाली, आणि बाजाराने ते झेललं. मग काय विचारता, बोहनीसाठी एक इकडून ओढायची, दुसरी तिकडून, आणि वर आग्रह, "हुंग ना, बाई. हुंगलं का लवकर खपते." आमची बाई निवडून आलेल्या सरपंचासारखी बाजारभर मिरवायची.

यंत्रं बसली आणि ती गेली. पुढच्या बुधवारी मी उशिरानेच बाजारात गेले, तर म्हातारी भाजी उघडी टाकून नुसतीच बसलेली. मी वांग्यांना हात घातला.

"थांब. बोहनी नाई झाली."

"ती गेली वो, माय."

"ठाऊक हाये मले," म्हातारी म्हणाली. मग एक वांगं उचलून तिने माझ्या हातात दिलं. "मंग तू हुंग."

मी हुंगलं. देठाला ओल्या मातीचा वास होता. मला तिची फार आठवण आली. म्हातारीने माझे पैसे कपाळाला लावले आणि शेजारच्या भाजीवालीला सांगितलं, "झाली वो बोहनी."