सात पुरुस खोल

वाचकांच्या अनाकलनीय अनुभवांचा हा कॉलम मी नेमाने वाचतो आणि बहुतेक वेळा हसून पान उलटतो. आमच्या घरी भगत-मांत्रिक दारात उभे राहू शकत नसत. वडील उमरेडचे विणकर, त्यांचा विश्वास फक्त हातमागावर. माझी सगळी नोकरी सर्व्हे खात्यात गेली, आणि तिथे जे मोजता येतं तेवढंच खरं. हे आजवर लिहिलं नाही, कारण लोक हसतील ही भीती... आणि थोडी लाजही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. ऑफिस नागपूरला, सदरमध्ये. उपग्रहावरून जागा काढणारे दोन रिसीव्हर नुकतेच आले होते. आजच्या मोबाईलसारखं काही नव्हे — जड पेटी, बॅटऱ्या, तिपाईवर अँटेना. तत्त्व मात्र सोपं. शिट्टी देत गाडी जवळून गेली की आवाज चढा असतो तो उतरतो ना, तसाच वरून जाणाऱ्या उपग्रहाच्या रेडिओलहरींचा सूर उतरतो. किती झपाट्याने उतरला, यावरून तो किती लांबून गेला ते कळतं. त्या वेळी आपण आकाशात कुठे आहोत, हे उपग्रह स्वतःच सांगत असतो. अशा तीस-चाळीस फेऱ्या पकडल्या की हिशेब करून अक्षांश, रेखांश आणि उंची निघते. एक रिसीव्हर ऑफिसच्या गच्चीवर, आधीच माहीत असलेल्या जागी, दुसरा बाहेर. दोघांनी एकच उपग्रह ऐकायचा, म्हणजे दोघांची सारखी चूक कटून जाते. उरली तर हातभर.

बाहेरचा माझ्याकडे होता. उमरेड रोडवरून आत एक गाव आहे. नाव देत नाही. गावाबाहेर मुरमाचं मोकळं मैदान, चहूकडे आकाश उघडं. खुणेचा दगड पुरला, वर तिपाई लावली. सोबत बापूराव, खात्याचा खलाशी, म्हणजे सामान वाहणारा मदतनीस. पाच दिवस फेऱ्या घेतल्या आणि टेप नागपूरला पाठवली.

दोन दिवसांनी साहेब स्वतः जीप घेऊन आले.

"पराते, अँटेनाची उंची काय लिहिलीस?"

"दीड मीटर, साहेब."

"मग हे काय आहे? जागा बरोबर, पण उंची बारा मीटर खाली. जमिनीत पुरला होतास काय अँटेना?"

त्या दगडाची खरी उंची आम्हाला ठाऊक होती. रस्त्यावरच्या खुणेपासून लेव्हल लावून मीच ती आणली होती. पुन्हा मोजली. बरोबर. पुन्हा फेऱ्या घेतल्या — बारा मीटर खाली. साहेबांनी रिसीव्हर अदलाबदल केले, गच्चीवरचा इथे, इथला गच्चीवर. तरी बारा. तिपाई पंधरा पावलं पूर्वेला सरकवली, तर उंची अगदी चोख आली! परत दगडावर आणली... बारा मीटर खाली.

बरं, अँटेना खरंच खड्ड्यात असता तर क्षितिजाजवळचा उपग्रह त्याला ऐकूच आला नसता. आमच्या फेऱ्या तर उगवतीपासून मावळतीपर्यंत पूर्ण होत्या.

शेवटच्या दिवशी दुपारी सरपणाची मोळी घेऊन एक म्हातारी आली. भागाबाई तिचं नाव. मोळी खाली टाकून तिपाईकडे बघत राहिली.

"लय दिस झाले पाहून राहिली मी. काहून इथंच ठेवता गा हे?"

"जागा मोजून राहिलो, मावशी."

"इथं काय मोजता? इथं त् आमची हीर होती."

बापूरावने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "किती खोल होती?"

"सात पुरुस."

पुरुस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. मी मनात गुणाकार केला. सात पुरुस म्हणजे बारा मीटरच.

"माह्या सासऱ्यानं आन् नवऱ्यानं खंदली, दोन उन्हाळे खपून," ती म्हणाली. "गावच्या हिरीवर आमाले चढू देत नोते. छप्पनले आमी नागपुरात जाऊन दीक्षा घेतली. वापस आलो त् गाव म्हने, लय मोठे झाले आता तुमी. गाड्या जुंपल्या, गोटे आनले, मुरूम आनला. एका दिसात बुजवली. भरलेलं पानी होतं आत! सासरा काठावर बसून राहिला, त् त्याले उचलून बाजूले ठेवला."

"तक्रार नाही केली?"

"केली नं. साहेब आला, पाहून गेला. कागदावर लिहून देल्लं का इथं हीर नोतीच."

गावात आमच्या जातीचीही चार घरं होती. गाड्या कुणाकुणाच्या होत्या, हे मी तिला विचारलं नाही.

जाताना ती थांबली. "तू सरकारचा मानूस हायेस नं, बापू? तुह्या नकाशात मांड. पानी नको मले, आता नळ आला. निस्तं मांड, का इथं हीर होती."

"मांडतो, मावशी," मी म्हणालो.

आणि डायरीत सगळं लिहिलंही. सदरच्या ऑफिसात साहेबांनी ते वाचलं.

"तू सर्व्हेअर आहेस की मांत्रिक? हे वर पाठवू मी?"

"निदान बुजलेली विहीर म्हणून खूण तरी दाखवू, साहेब."

"महसुलाच्या कागदात आहे विहीर? नाही ना? मग नाही." त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. निरीक्षकाने, म्हणजे मी, अँटेनाची उंची चुकीची नोंदवली, सबब जागा रद्द, नवी खूण पंधरा पावलं पूर्वेला. "सही कर. नाहीतर यंत्र बिघडवल्याची चौकशी लागेल तुझ्यावर."

बढतीची यादी निघायची होती. मी सही केली. डायरीचं पान माझ्यादेखत फाडलं गेलं. यादीत माझं नाव आलं.

नकाशा छापून आल्यावर, का कोण जाणे, एक प्रत घेऊन मी त्या गावी गेलो. भागाबाई ओट्यावर बसली होती. दिसायचं कमी झालं होतं, पण आवाजावरून ओळखलं.

"मांडली का गा?"

"हो, मावशी."

"कुठं हाय? दाखव."

तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून नकाशातल्या कोऱ्या जागेवर टेकवलं. ती बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली. मग सुनेला हाक मारली, "पाह्य वं, तुह्या आजसासऱ्याची हीर!" आणि नकाशा ठेवून घेतला. मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

पुढे मी बऱ्याच जाणकारांना विचारलं. कुणी म्हणाले लहरी परावर्तित झाल्या असतील, कुणी म्हणाले मुरमात लोह असेल. मग पंधरा पावलांवर का नाही? दोन्ही यंत्रांना एकच चूक कशी? आणि नेमकी सात पुरुसच का? उत्तर कुणाकडे नव्हतं, माझ्याकडे आजही नाही.

भागाबाई जाऊन खूप वर्षं झाली. नकाशा त्यांच्या घरी भिंतीवर लावलाय, असं बापूराव एकदा सांगत होता. तिची नात शाळेत मास्तरीण झाली म्हणे. तिला नकाशा वाचता येत असणार.