लायब्ररी तुझी, नाव माझं

"एकच कारकून दोन खिडक्या सांभाळत असेल, तर त्याला आपण दोन कारकून म्हणतो का?" शालनने विचारलं.

"ब्रोशरमध्ये म्हणतो," दिग्विजय म्हणाला.

"आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काय सांगतो?"

"त्याने मॅन्युअल वाचावं."

"मॅन्युअल कोण वाचतं? माणूस नाव वाचतो आणि कामाला लागतो."

ते मॅन्युअल मी लिहायचे, त्यामुळे मी मान खाली घालून बसले होते. नारायण पेठेतल्या त्या छोट्या ऑफिसात दोघांनी मिळून कारखान्यांतली यंत्रं चालवायला स्वतःची एक प्रोग्रॅमिंगची भाषा केली होती. भाषेबरोबर तयार मॉड्यूल्सची, म्हणजे ठरलेली कामं करणाऱ्या आयत्या तुकड्यांची, लायब्ररी मिळायची. हव्या त्या मॉड्यूलचं नाव लिहायचं, की ते काम करू लागे.

शालन खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, भीमरावांची थोरली. ते दारूगोळ्याच्या कारखान्यात पेट्यांवर शिक्के मारायचे; आमच्याकडे मिठाच्या डब्यावरही चिठ्ठी असायची, असं ती हसत सांगे. अनेक कामं एकदम हाताळणारी मॉड्यूल्स दिग्विजयने आधी एका ढिगात टाकली होती. शालनने एकेका नावासाठी भांडून त्यांची मांडणी सुरू केली. कामांच्या रांगा एकीकडे, दोन कामांनी एकाच गोष्टीला एकदम हात लावू नये म्हणून असलेली कुलपं दुसरीकडे, नवख्याने हात लावू नये ते पार मागे.

एका मॉड्यूलवर मात्र गाडी अडली. ते कामांना आळीपाळीने वेळ द्यायचं, एका वेळी एकालाच; हातातलं काम सुटल्याशिवाय पुढच्याचा नंबर नाही. तिला नाव हवं होतं 'टर्न्स'. त्याला 'पॅरलल'. बाजार नुकता खुला झालेला, परदेशी मशिनरी येत होती, गिऱ्हाइकाला असे शब्द आवडत होते. शेवटी तो म्हणाला होता, लायब्ररी तुझी, नाव माझं; म्हणजे बाकी सगळं ती म्हणेल तसं, हे एक नाव त्याचं. तिने ते मान्य केलं आणि उत्साहाने उरलेल्या मांडणीला बसली.

मग धायरीजवळच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात राकेश नावाच्या तंत्रज्ञाने बिस्किटं भट्टीत नेणारा पट्टा चालवणं आणि भट्टीच्या तापमानावर नजर ठेवणं, ही दोन्ही कामं 'पॅरलल'मध्ये टाकली. दोन्ही एकदम चालणार, नावच तसं सांगत होतं. पट्टा अडकला. प्रोग्रॅम पट्ट्यातच गुंतला, तापमान बघणाऱ्याचा नंबर लागलाच नाही. भट्टी जळाली. माणसं वाचली, राकेशची नोकरी गेली.

त्याने शालनला फोन केला तो तक्रारीचा नव्हता. "मॅडम, माझं नेमकं काय चुकलं तेवढं सांगा. पुढच्या ठिकाणी तसं करणार नाही."

तेव्हापासून ती एकच धरून बसली होती. सोमवारी नवी आवृत्ती जाणार होती, त्यात नाव बदलायचं. जुनं नाव एका आवृत्तीपुरतं, ते फसवं आहे अशा इशाऱ्यासकट ठेवायचं, म्हणजे कुणाचे चालू प्रोग्रॅम बंद पडणार नाहीत. आणि त्या कारखान्याला सांगायचं, की नाव आमचं चुकलं, पोराला परत घ्या.

"इशारा छापला की कबुली झाली," दिग्विजय म्हणाला. "उद्या प्रत्येक जळलेली मोटर आपल्या दारात आणून टाकतील."

"टाकू देत."

"बोलायला सोपं आहे. इथल्या पोरांचे पगार कोण देणार?"

पुढचं आत्ताच सांगून टाकते. 'पॅरलल' त्या आवृत्तीतही तसंच गेलं, आणि राकेश परत लागला नाही. पण त्या दुपारी ते अजून ठरायचं होतं. दिग्विजयचा आवाज उतरला होता. त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"एक विचारू? तेव्हा तू प्रत्येक नावासाठी भांडलीस. कुलपांसाठी तर आठवडाभर बोलत नव्हतीस माझ्याशी. हे नाव खोटं आहे हे तुला पहिल्या दिवशी माहीत होतं. मग एवढं एकच का सोडलंस?"

  शालनने कॉम्प्युटर बंद केला, ओढणी सावरली, पर्स खांद्याला लावली आणि नावाचा विषय तिथेच टाकून जिना उतरून गेली.