बावीस यार्ड अण्णांचे

एकाच स्टेडियमला दहा वर्षं चकरा मारल्या की वजन घटत नाही, किस्से वाढतात! इंदिरानगरचे आम्ही पाच-सहा जण रोज सकाळी इथे चालायला येतो. आमच्या बहुतेक किश्श्यांत एकच माणूस असतो, ग्राउंड्समन अण्णा. जगात काय वाट्टेल ते होवो, क्रिकेटच्या पिचला धक्का लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

*

आधी इथे नुसतं मैदान होतं. मग गॅलरी आली, धावायचा ट्रॅक आला, बॅडमिंटन हॉल आला. शेवटी गेटवर पाटी लागली, 'बहुउद्देशीय क्रीडासंकुल'. ती वाचून अण्णा म्हणाले, "झालं! आता लग्नंसुद्धा इथेच लावतील!"

लावली.

*

द्राक्ष प्रदर्शनाच्या मंडपवाल्याने पिचमध्ये खुंटा ठोकायला घेतला. अण्णा तिथेच आडवे झाले. "ठोक! माझ्यातून ठोक!"

"अण्णा, उठा ना. मंडप तिरका होईल."

मंडप तिरकाच झाला. लोक म्हणाले, डिझाइन काय मस्त आहे!

*

एका पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरणार होतं. मैदानाच्या मध्यभागी फक्कीने मोठा एच काढा, असा निरोप आला. अण्णांनी तो काढला पार कोपऱ्यात, लाँग जंपच्या खड्ड्याशेजारी. पुढारी उतरले ते डोक्यापासून पायापर्यंत वाळूने माखून.

"किती ही धूळ!"

"धूळ नाही साहेब, वाळू," अण्णा म्हणाले. "चाळलेली आहे!"

*

माझी बायको सुमन चालायला यायची, तेव्हाची गोष्ट. गणपतीत तिने पिचजवळ वाकून दूर्वा खुडल्या. अण्णा शिट्टी फुंकत धावले. "वहिनी, उद्या मॅच आहे!"

"अहो, एकवीसच घेतल्या."

"तुमचं बघून सगळं इंदिरानगर येईल!"

पुढच्या वर्षीपासून बाउंड्रीबाहेरच्या दूर्वांची जुडी अण्णाच घरी आणून द्यायला लागले. सुमनला जाऊन दोन वर्षं झाली. यंदाही जुडी आली. एकवीसच.

*

गेल्या महिन्यात अण्णा रिटायर झाले. ऑफिसच्या लोकांनी सरप्राइज म्हणून सत्काराचं स्टेज बांधलं, मैदानाच्या बरोब्बर मध्यभागी. पिचवर!

अण्णा नवा शर्ट घालून, बायकोला घेऊन आले. बघितलं आणि थबकले. माइकवरून नाव पुकारलं, तरी जागचे हलेनात.

"अण्णा, या की वर! शाल द्यायचीय!"

"आधी स्टेज हलवा."

प्रमुख पाहुणे हसले. "अहो अण्णा, सोडा आता! रिटायर झालात तुम्ही!"

अण्णांनी घड्याळ बघितलं.

"साडेपाचला होणार, साहेब. आत्ता पाच वाजलेत."

पाहुण्यांनी मुकाट्याने आपली खुर्ची उचलली.