पाठीवरचा कॅन

मे महिन्यात आम्ही नणंदेकडे, वडगाव रासाईला जायचो. तिथल्या विहिरीवर एक आबा गावातल्या पोरांना फुकट पोहायला शिकवायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पोरांच्या पाठीला ओढणीनं बांधायचे, गाठ दोनदा ओढून बघायचे आणि मगच पाण्यात सोडायचे.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. चौथ्या दिवशी तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. मी तिला ओढूनच बाहेर काढलं.

"ताई, पोर न्हाई भ्याली, तुम्ही भ्यालाय," आबा म्हणाले. "आजून दोन दिस द्या."

मी दिले नाहीत. घरी येऊन तिच्या पाठीवरचा कॅन सोडला, तो जड लागला म्हणून झाकण उघडलं, तर आतून भळाभळा पाणी सांडलं.

नणंद हसली. "आबा रोज गुपचूप थोडं पाणी भरत्यात. कॅनचा आधार कमी व्हत जातो, आन् पोराला कळायच्या आत ते आपलं आपण पवाया लागतं."

कॅन अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

आता आबा नाहीत. मुलगी सोळा वर्षांची आहे. मैत्रिणी पाण्यात उतरतात, तेव्हा ही काठावर त्यांचे मोबाईल सांभाळत बसते. म्हणते, "मला कुठं पोहता येतं?"

कॅनचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.