क्लबात सात म्हणजे सात

लेकीनं बजावून सांगितलं होतं, तुम्ही दोघांनी यायचं नाही. "आई, तू येशील ना, तर मी गाणारच नाही. सीधी बात." इतकं तोंडावर सांगितल्यावर एखादी शहाणी बाई गुपचूप घरी बसली असती. मी नाही बसले. लोक पैसे देऊन क्लबात जातात, सिनेमातली नव्हे, गाणाऱ्या पोरांनी स्वतःच केलेली गाणी ऐकतात, तीही उभ्यानं, आणि त्यात आपली पोट्टी गाणार. आणि मी सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये मटार सोलत बसायचं? का म्हणून?

तसं तिचं म्हणणं मला कळत होतं. शाळेत असताना ती इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकटी गायला उभी राहिली होती. दुसऱ्या कडव्यात मधातच थांबली, हॉलभर लोकांकडे बघितलं आणि स्टेजवरून उतरून निघून गेली. त्यानंतर लोकांसमोर म्हणून गायली नाही. गाणं काय ते बाथरूममध्ये, नळ सोडून. नोकरी लागली, रोजचं रायपूरला जाणं-येणं सुरू झालं, आणि वर्षाभरापूर्वी तीन पोरांबरोबर हा बँड सुरू झाला. आजचा पहिला कार्यक्रम. "आज मी गडबड केली तर ते दुसरी सिंगर बघतील," हेही तिनंच सांगितलेलं. म्हणजे पोरीचं सगळं आजच्यावर होतं. म्हणून तर मला जायचं होतं.

आमच्या ह्यांना मी म्हटलं, "गर्दीत मागं उभं राहू. तिले दिसणार बी नाही." ह्यांनी जन्मभर पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये ड्यूटी केलेली. त्यांनी फक्त एकच विचारलं, "किती वाजता?"

शेजारणीच्या मोबाइलवर कार्यक्रमाचं चित्र आलं होतं, त्यावर सात लिहिलं होतं. आमच्या टाउनशिपमध्ये सात म्हणजे सात. हजेरीचं कार्ड पंच करायला एक मिनिट उशीर झाला तर ज्या माणसाला रात्रभर झोप येत नाही, त्याच्याबरोबर संसार केलाय मी. पावणेसातला आम्ही जुनवानीत क्लबाच्या दारात हजर.

दारावर काळ्या टीशर्टातला एक धिप्पाड गडी स्टुलावर बसला होता. "आंटी, किसी को लेने आए हो?"

"नहीं भैया, गाना सुनने."

त्यानं एकदा माझ्या साडीकडे बघितलं, एकदा ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, आणि आमच्या मनगटांवर कागदी पट्टे चिकटवले. दवाखान्यात भरती करताना बांधतात तसे.

आत गेलो तर काय, गर्दीच नाही! कुत्रंसुद्धा नाही. पूर्वी तिथं टाइल्सचं गोदाम होतं, आता भिंती काळ्या रंगवलेल्या, जमिनीवर जिकडेतिकडे वायरी, आणि स्टेजवर एक मुलगा एकच ढोल वाजवून राहिला होता. ढप. ढप. ढप. दुसरं काही नाही. मला वाटलं बिचारा शिकतोय. मागच्या बाजूला बटणांच्या मोठ्या पाटासमोर एक जण बसला होता. त्याला जाऊन विचारलं, हा एकच का वाजवतोय? तो भला माणूस होता. म्हणाला, आंटी, प्रत्येक ढोलाला वेगळा माइक लावलाय, प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा जमवावा लागतो, मग सगळे मिळून बरोबर ऐकू येतात. अगंबाई! मला तर वाटायचं स्विच लावला की झालं. मग मी विचारलं, ही लाल खुंटी कशाची, ही पिवळी कशाची, आणि तुझ्या हातून चुकून भलतीच खुंटी फिरली तर? तो हसून हसून सांगत होता. हे माझी बाही ओढत होते. तेवढ्यात चारही बाजूंच्या स्पीकरांतून, भिंती हादरतील एवढ्या आवाजात आलं,

"आई?"

स्टेजवर माइक धरून आमची लेक उभी. माइक बघायला आली होती बिचारी.

ती खाली उतरली ती ताडताड चालत. "कावून आली तू?"

"मागं उभं राहू म्हटलं. दिसणार नाही म्हटलं. इथं तर माणूसच नाही."

"नऊ वाजता येतात लोक, आई! सात थोडीच असतं!"

"मग सात कायले लिहिलं?" मी म्हटलं.

"सात लिहिलं तर सातले चालू कराले पाहिजे," हे म्हणाले. मनापासून म्हणाले, चिडून नाही. लेकीनं कपाळाला हात लावला.

मग ती जरा शांत झाली आणि आम्हाला बाजूला घेऊन गेली. म्हणाली, "आई, तुले माहीत आहे त्या गणपतीत मी कावून थांबली?"

"माइक खराब होता," मी म्हटलं. मला तर तेच माहीत होतं. त्या माइकवाल्याशी मी दुसऱ्या दिवशी भांडलेसुद्धा होते.

"माइक ठीक होता. तू पहिल्या लाइनीत बसली होती. माझ्यासोबत सगळे शब्द ओठांनी म्हणून राहिली होती. मी गाणं सोडून तुझे ओठच वाचाले लागली. मग तुले खोकला आला. तुझे ओठ थांबले अन् मी बी थांबली." तिचे डोळे भरले होते. "बाबा राहू दे. बाबांचा चेहरा काहीच नाही सांगत. तुझा चेहरा ना आई, पूरा बोलता है."

मला असा राग आला म्हणून सांगू. इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि सांगितलं कधी, तर वायरींच्या गुंत्यात उभं राहून, दोन तासांत लोक येणार असताना. पोरीच्या कौतुकानं ओठ हलवणं हा काय गुन्हा झाला? "बरं," एवढंच म्हटलं मी. मी 'बरं' म्हटलं की घरात सगळे गप्प होतात.

"राहायचं तर राहा," ती म्हणाली. "पण मी गाईन की नाही, मले खरंच नाही माहीत."

राग होता, पण उठून घरी जाववेना, तेही खरं. नऊला खरंच झुंडीच्या झुंडी आल्या. पहिल्या बँडमध्ये चार पोरं होती, त्यातला एक सबंध वेळ डोळे मिटून वाजवत होता. गाणी अर्धी हिंदी, अर्धी छत्तीसगढी. आणि गंमत बघा, मी समजत होते की ही गाणी कोणाला माहीत नसणार, तर पुढची पोरंपोरी तोंडपाठ म्हणत होती! सगळ्यांनी मोबाइलवर ऐकून ठेवलेली. दुसरी एकटीच मुलगी होती, गिटार घेऊन. ती पायानं एक डबी दाबायची आणि तिचाच आत्ता गायलेला आवाज मागून परत वाजायला लागायचा. त्यावर ती दुसरं गायची, पुन्हा दाबायची, त्यावर तिसरं. स्वतःच्या मागं स्वतःच कोरस. मला इतकं नवल वाटलं, की ती डबी जवळून बघायला मी स्टेजपर्यंत जाणार होते, ह्यांनी धरून ठेवलं.

मग लेकीचा बँड वायरी जोडायला आला. ती स्टेजच्या कडेला उभी राहून पाणी पीत होती. एक घोट घ्यायची, बाटली बंद करायची, लगेच परत उघडायची. नजर नुसती लोकांमध्ये फिरत होती. कोणाला शोधतेय ते मला कळत होतं.

"मी बाहेर जाते," मी ह्यांना म्हटलं.

"अवं, थांब ना. अंधारात मागं उभी राह."

"तिले मी अंधारात बी दिसते," म्हटलं, आणि निघाले.

बाहेर स्कूटर आणि मोटारसायकलींची रांग, आणि तो दारावरचा गडी. त्यानं स्टूल मला दिलं. दार जाड, आतून फोम लावलेलं. कॉलनीतले लोक तक्रार करतात म्हणून सारखं बंद ठेवायचं. बंद दारातून नुसतं धम् धम् यायचं. त्यात माझी पोरगी गाते आहे की थांबली, काही कळायला मार्ग नाही. कोणी आतबाहेर केलं की दार उघडायचं आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज बाहेर पडायचा. एक शब्द 'छत' ऐकू आला. मग दार बंद. मग 'चप्पल'. बंद. मग बराच वेळ कोणी येईना न जाईना, आणि माझा जीव टांगणीला. फोनवर बोलायला एक मुलगा बाहेर आला, त्याला मी धरलंच. "गा रही है क्या?"

"कौन, आंटी?"

"अरे जो गा रही है वो!"

"हाँ, गा रही है," तो म्हणाला आणि दोन पावलं मागं सरला.

असा मी लेकीचा पहिला कार्यक्रम तुकड्या-तुकड्यानं ऐकला. दर तुकड्याला हायसं वाटायचं आणि दार लागलं की परत धाकधूक.

शेवटी आतून एक जण आला आणि त्या गड्याला म्हणाला, "दरवाजा खुला रखना. लास्ट गाना है, सिंगर मैडम ने बोला है."

"कॉलनीवाले चिल्लाएँगे."

"पाँच मिनट चिल्लाने दे."

गड्यानं दार पूर्ण उघडून पाठीनं धरून ठेवलं. मी उठून चौकटीपाशी उभी राहिले. डोक्यांच्या मधून फक्त तिचा हात दिसत होता, माइकच्या दांड्यावरचा.

गाणं हिंदी होतं. एक मुलगी घरातून निघते आणि स्वयंपाकघरातून तिला कोणीतरी विचारतं, किसका फोन था, कहाँ चली, साथ में कौन है, कितने बजे आएगी. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी आमच्या घरचा शब्द, 'का' नाही, "कावून?" त्या पोरांना मराठीचा गंध नाही, पण ती सगळी हात वर करून ओरडत होती, "कावून!" आई गं! माझी टिंगल, आणि तीही अशी चव्हाट्यावर! कानशिलं तापली माझी. घरी ये, बघते तुला, असं मनात म्हणेपर्यंत मला हसूही फुटलं. तो गडीसुद्धा ओरडत होता, "कावून!"

मग ढोल थांबले, गिटार थांबली. नुसता तिचा आवाज राहिला. ती मुलगी आता दुसऱ्या गावात राहते. संध्याकाळी कुलूप उघडून आत येते, चप्पल काढते, आणि तिला कोणी काही विचारत नाही.

आणि तिथं ती थांबली. गणपतीत थांबली होती, तशीच. डोक्यांमधून ह्यांनी मागं वळून बघितलं. मिलच्या आवाजात बोलता येत नाही म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात, तसा हात हलवून मला म्हणाले, ये, आत ये. मी मानेनंच नाही म्हटलं. डोळे वाहत होते, पुसायचं भान नव्हतं. एक पाऊल टाकलं असतं तर ती अख्खी दिसली असती, आणि मी तिला. मी चौकट घट्ट धरली, ओठ मिटून धरले, आणि आत माझ्या लेकीनं श्वास घेतला आणि गाणं शेवटपर्यंत नेलं.