जवळ बसण्याचा नियम

पत्रक कसं लिहायचं ते मला येतं. वर मागणी, खाली जबाबदार कोण, शेवटी कुठं जमायचं. मुलींच्या एसटी पासासाठी, वसतिगृहातल्या पाण्यासाठी मी पत्रकं लिहिली आहेत आणि आर्णीच्या बसस्टँडवर उभी राहून वाटली आहेत. ही गोष्टही तशीच लिहायला घेतली होती. दुसऱ्या ओळीलाच अडकले.

कॉलेजात असताना आम्ही चौघं एक खेळ खेळायचो. टेबलाभोवती बसून. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि लढाईत कोणाचा वार लागला, कोणाचा हुकला, ते फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्या मित्राने नियमांची इंग्रजी पानं इंटरनेटवरून उतरवली होती. झेरॉक्सवाल्याने ती उलटीपालटी करून विचारलं, "कोन्त्या परीक्षेचं हाय हे?" नियमात वीस बाजूंचा फासा लागायचा. तो आर्णीत कुठून येणार? आम्ही आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात हलवायचो.

त्या इंग्रजी पानांत किल्ले होते, अजगर होते. ते आम्ही पहिल्याच आठवड्यात फेकले, माझ्या मैत्रिणीमुळे. ती तांड्यावरची. तिच्या पणजोबांच्या काळी त्यांचा तांडा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचा. त्याला ते लदेणी म्हणत. मग आमचा खेळ पांढरकवड्याकडच्या जंगलातून जाणाऱ्या लदेणीचा झाला. लुटारू, वाघ, पूर आलेली नदी. ती लदेणीची रखवालदार, हातात काठी. मी वाट दाखवणारी. चौथा मित्र बैलांचा मालक आणि भयंकर भित्रा.

जखमी माणूस बरा कसा करायचा, यावर आमचं पहिलं भांडण झालं. पानांत लिहिलं होतं की एक बाटली प्यायची आणि जीव भरून येतो. इथं जीव म्हणजे पात्राची ताकद, आकड्यात मोजलेली.

"बाटली पिऊन जखम भरते?" ती म्हणाली. "कोन्त्या गावात बे?"

"खेळ आहे तो," गोष्ट सांगणारा म्हणाला.

"असू दे ना खेळ. आमच्या तांड्यात कोणी पडलं तं लोकं येऊन बसते. काही करत नाही. काही बोलत बी नाही. बसते. माही याडी तापानं पडली होती तवा घरात पाय ठेवाले जागा नव्हती."

याडी म्हणजे आई. त्या दिवशी तिने नियम केला. जखमी माणूस दुसरं कोणी जवळ येऊन बसलं तरच बरा होईल. बसणाऱ्याने लढाई सोडायची. एक पूर्ण फेरी, म्हणजे सगळ्यांच्या चाली होईपर्यंत, त्याने फासा टाकायचा नाही. आणि खेळणाऱ्यानेही खरोखर आपली खुर्ची उचलून जखमीच्या खुर्चीशेजारी जाऊन बसायचं.

त्या एका नियमाने आमच्या लढाया बदलल्या. एक पडला की दोन हात कमी व्हायचे, म्हणून कोणी उगाच धावून जायचं नाही. बैलांचा मालक पुढं सरसावला की ती म्हणायची, "जाय जाय, मर. म्या नाही येत बसाले." आणि तो पडला की सगळ्यांच्या आधी तीच खुर्ची घेऊन उठायची. माझ्या शेजारी ती कितीदा बसली असेल. बसली की बोटं मोडायची, नाहीतर माझ्या ओढणीचा सुटलेला धागा ओढायची. जगात एवढा न्यायाचा नियम मी दुसरा पाहिला नाही, आणि मी नियमांशी भांडण्यातच वाढले आहे.

मग कॉलेज संपलं. गोष्ट सांगणारा पुण्याला कंपनीत लागला, बैलांचा मालक नागपूरला. तिचं लग्न पुसदकडच्या एका तांड्यात झालं. मी आर्णीतच राहिले. खेळ फोनवर न्यायचं ठरलं. पुण्याच्या मित्राने प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की फासा पडतो, जीव आपोआप वजा होतो. टेबलावर जो आधी ओरडेल त्याचा वार आधी असायचा. फोनवर ज्याची रेंज चांगली त्याचा वार आधी लागायला लागला, म्हणजे नेहमी पुण्याच्याचा, त्याच्या लुटारूंचा. मी भांडून पाळ्या चिठ्ठीवर लावून घेतल्या. तो म्हणाला, "तू इथंही मोर्चा काढ."

बसण्याचा नियम फोनवर आणणं सगळ्यात अवघड होतं. शेवटी असं ठरलं की बसणाऱ्याने पूर्ण फेरी फोन उघडा ठेवायचा. मधूनमधून पडद्यावर एक दिवा लागेल, त्याला बोट लावायचं. एकदा जरी चुकलं तर बसणं मोडलं आणि जखमी तसाच.

ती चुकायची. दर रविवारी दुपारी. माझी वाट दाखवणारी दरीत पडली होती, ती येऊन बसली, दोन दिव्यांना बोट लावलं, तिसरा हुकला. नागपूरचा तर त्यापायी मेलाच. त्याला नवं पात्र घ्यावं लागलं. तो हसून म्हणाला, "आता शेळ्यांचा मालक होतो, स्वस्तात." ती हसली नाही. "सॉरी" एवढंच लिहून आलं.

पुण्याच्याने प्रस्ताव मांडला की बसणं काढून टाकू. उपचाराचं एक बटण ठेवू, दाबलं की बरा. आणि जो हजर नसेल त्याचं पात्र पुढच्या रविवारपर्यंत आपोआप पूर्ण बरं. मी भडकले. ग्रुपवर पत्रकच टाकलं. कंपनीला माणूस बसलेला बघवत नाही, ही तीच वृत्ती आहे, असं लिहिलं. दोघं मित्र म्हणाले, मतदान घेऊ. माझी खात्री होती, कारण नियम तिचा होता. आम्हाला चळवळीत हेच शिकवलंय, ज्याचा प्रश्न त्याचं मत आधी.

तिचं मत सगळ्यात आधी आलं. बटणाच्या बाजूने.

पुढच्याच आठवड्यात पुसदला एक सभा होती. ती आटोपून मी तिच्या तांड्यावर गेले. तिने मला खाटेवर बसवलं, चहा आणला. सासू समोर तूर निवडत होती. चांगली बाई वाटली. मला जेवून जायचा आग्रह करत होती. मैत्रीण दाराच्या चौकटीला टेकून उभी.

"बस ना वं," मी म्हटलं.

"हो, बसते." बसली नाही.

सासू पाणी आणायला मागे गेली तेव्हा मी विचारलं, "काहून केलं वं असं? तुयाच नियम होता."

"हळू बोल."

"तुयाच होता."

"होता ना. म्या काय नाही म्हनते?" तिने पदराला हात पुसले. ते ओले नव्हते. "ह्या घरात म्या दुपारी बसली का सासू विचारते, काय झालं, बरं नाही का? वाईट नाही विचारत, काळजीनंच विचारते. म्हणून म्या गॅसपाशी उभ्यानं खेळून राह्यली. फोन डब्यामागं. तुहा दिवा लागते तवा माह्या हातात भाकर असते."

"मग तसं सांगायचं होतं. आपण फेरी लहान केली असती."

"किती लहान करशील?" ती म्हणाली. "तुमच्यापाशी बसाले येते म्हनून सांगाचं अन् तुमाले मारून टाकाचं. मले नाही पाहिजे तसं. बटण बरं हाय. दाबलं, झालं."

सासू तांब्या घेऊन आली. मैत्रिणीने माझ्या हातातली कपबशी उचलली आणि आत गेली. तांड्यावरून रस्त्यापर्यंत ती मला सोडायला आली नाही. सासू आली. वाटेत विचारत होती, तुमच्या सभेत काय मागता म्हणून. मी सांगितलं. तिला ते सगळं पटलं.

नवा नियम लागू झाला. लढाया भराभर व्हायला लागल्या. ती यायची, बटण दाबायची, जायची. कोणी तिच्यामुळे मरत नव्हतं. गप्पाही होत नव्हत्या, कारण गप्पा बसण्याच्या फेरीतच व्हायच्या, हे आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दिवाळीनंतर एका रविवारी भर लढाईत ती पडली. वाघाने खांदा फाडला होता. मी बटण दाबायच्या आतच ग्रुपवर ओळ आली की ती ग्रुपमधून बाहेर पडली.

मी फोन लावला. बंद. मग नवऱ्याच्या नंबरवर लावला, त्याने उचलला. अगदी अदबीने बोलला. "ताई, तिचा फोन आता बंदच असते. घरात एक पुरते ना. काही काम होतं का?"

काय काम सांगणार? म्हटलं, नाही, सहज.

पुढच्या रविवारी प्रोग्राम उघडला तर तिची रखवालदार लदेणीच्या पुढं उभी. खांदा धड, जीव पूर्ण भरलेला. गैरहजर असेल तर आपोआप बरं. तिने स्वतः मत दिलेला नियम.

"हिला काढू का?" पुण्याच्याने विचारलं. "की प्रोग्रामला खेळू देऊ? तिची पाळी आली की तोच फासा टाकेल."

"ठेव," मी म्हटलं.

आता तीच आमच्यात सगळ्यात चांगली लढते. पाळी चुकत नाही, पडली तर पुढच्या रविवारी उभी असते. नागपूरचा परवा म्हणाला, "बरं झालं यार, नाहीतर आपण कधीचे मेलो असतो." तो वाईट बोलला नाही. खरं तेच बोलला. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, आणि माझी चाल आली होती ती खेळले.